एकाच माणसाचे संख्याशास्त्र

मुलांचा आवाज फुटण्याचा अनुभव गाणे शिकविणाऱ्यास दर वर्षी येतो. काल-परवापर्यंत काळी पाचमध्ये खणखणीत गाणारा मुलगा एखाद्या महिन्यात अचानक खरखरू लागतो, तार षड्ज त्याच्या हातचा सुटतो, आणि काही महिन्यांत तो काळी एकच्या आसपास येऊन स्थिरावतो. ज्याच्यावर ही वेळ येते त्याला ती अगदी कड्यावरून घसरल्यासारखी वाटते. आता समजा, वर्गातील तीस मुलांच्या पट्ट्या एखाद्याने तीन-चार वर्षे दर महिन्याला टिपून ठेवल्या आणि वयाप्रमाणे त्यांची सरासरी काढून एक रेघ ओढली. एकाचा आवाज बाराव्या वर्षी फुटलेला, दुसऱ्याचा चौदाव्या, तिसऱ्याचा पंधराव्या. त्यामुळे सरासरीची रेघ सावकाश, नकळत उतरत जाईल. तिच्यावरून कोणी असा निष्कर्ष काढला की मुलांचा आवाज तीन वर्षे हळूहळू खाली येतो, तर त्या तिसांपैकी एकाही मुलाला तो लागू पडणार नाही. गणितात चूक काहीच झालेली नसते.

नेमकी हीच गोष्ट उंचीच्या बाबतीत शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली, त्याला शंभरावर वर्षे झाली. फ्रान्समध्ये ग्वेनो द माँबेयार नावाचे एक सरदार होते. १७५९ साली त्यांना मुलगा झाला, आणि या गृहस्थांनी त्याची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजण्याचा क्रम १७७७ पर्यंत, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, चालू ठेवला. त्यांचे स्नेही बुफाँ यांनी ते आकडे आपल्या सृष्टिविज्ञानाच्या ग्रंथात छापले. एकाच मुलाच्या वाढीची अशी अखंड नोंद त्यापूर्वीची आढळत नाही. तिच्यात पौगंडावस्थेतील ती झपाट्याची वाढ स्पष्ट दिसते. पुढे एकोणिसाव्या शतकात शाळाशाळांतून हजारो मुलांची उंची एकदाच मोजून वयवार सरासऱ्या काढण्याची प्रथा पडली, तेव्हा आकडे वाढले पण तो झपाटा बोथट झाला. कारण उघड आहे: कोणी लवकर वाढतो, कोणी उशिरा, आणि सरासरीत सगळ्यांचे झपाटे एकमेकांत मिसळून सपाट होतात. १८९०च्या सुमारास फ्रान्झ बोआस यांनी हा घोटाळा उलगडून दाखविला. हजारो मुलांच्या आकड्यांतून जे निसटले, ते एका बापाने एका मुलाच्या बाबतीत नीट टिपले होते.

‘सरासरी माणूस’ ही मूर्ती घडविली ती बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी, १८३५ सालच्या आपल्या ग्रंथात. ते मूळचे ज्योतिर्विद. एकाच ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजले तर दहा किंचित वेगळे आकडे येतात; त्यांची सरासरी हे खरे स्थान आणि बाकीच्या चुका, असे ज्योतिषात मानतात. केटले यांनी हाच न्याय माणसांना लावला. मग तुम्ही-आम्ही सगळे त्या सरासरी माणसाच्या कमी-अधिक चुका ठरलो! पुढल्या संख्याशास्त्रज्ञांनी माणसामाणसांतील फरकाला चूक म्हणणे सोडले, हे खरे. परंतु एकाच माणसात दिवसादिवसाला पडणारा फरक मात्र पुष्कळ काळ त्या चुकांच्या टोपलीतच राहिला.

वस्तुतः हे दोन प्रश्न अगदी निराळे आहेत. शंभर माणसे एका दिवशी पाहिली तर ती एकमेकांपासून किती वेगळी दिसतात, हा एक. आणि एक माणूस शंभर दिवस पाहिला तर तो स्वतःपासून किती वेगळा होतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चालते असे आपण न बोलता गृहीत धरतो. पण ते चालण्यासाठी फार कडक अटी पाळल्या जाव्या लागतात, आणि वाढणाऱ्या, शिकणाऱ्या, थकणाऱ्या जिवंत माणसात त्या सहसा पाळल्या जात नाहीत. डच मानसशास्त्रज्ञ पीटर मोलेनार यांनी २००४ साली एक जाहीरनामाच लिहून आपल्या शास्त्रबंधूंना ही आठवण करून दिली. २०१८ साली अमेरिकेत काही संशोधकांनी सहा निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे पुन्हा तपासले. एका माणसातील कालपरत्वे होणारी चलबिचल समूहातील माणसामाणसांच्या फरकापेक्षा दुपटीपासून चौपटीपर्यंत मोठी असल्याचे त्यांना दिसून आले.

परदेशातील ही नावे सांगितली ती प्रस्तावनेपुरती. या प्रश्नावरून जो सर्वांत मोठा, सर्वांत कडू आणि लाखो माणसांच्या पोटाशी भिडलेला वाद झाला तो आपल्या देशात झाला, आणि तो मुख्यतः पुण्यात बसलेल्या दोन मराठी विद्वानांत झाला. नव्या पिढीला तो ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. जन्म १९११. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि नेमान व पीअर्सन या दिग्गजांच्या हाताखाली संख्याशास्त्रात तयार झाले. परत आल्यावर त्यांनी शेतीचे क्षेत्र धरले. शेतात यदृच्छेने एक तुकडा निवडायचा, त्यातले पीक कापून तोलायचे आणि त्यावरून साऱ्या तालुक्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत देशात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आपल्या इंदूरच्या वाचकांस येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या कामातले त्यांचे जोडीदार वि. गो. पानसे हे आपल्याकडील इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीचे, म्हणजे जेथे हॉवर्डसाहेबांनी ‘इंदूर पद्धती’चे खत सिद्ध केले त्या संस्थेचे, संचालक होते. पानसे आणि सुखात्मे या जोडनावाचे शेतकी संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या शेतकी विद्यार्थ्यांनी ते घोकले. संस्थेसमोरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

१९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे संख्याशास्त्र-संचालक होऊन रोमला गेले आणि सुमारे वीस वर्षे तेथे राहिले. तेथे त्यांच्यापुढे प्रश्न आला तो भुकेचा. जगात उपाशी माणसे किती? संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी १९५० साली दोन तृतीयांश मानवजात अर्धपोटी असल्याचे म्हटले होते. हा आकडा सुखात्म्यांना पटेना. असे आकडे निघत ते साधारण या रीतीने: माणसाला दिवसाला सरासरी इतके उष्मांक लागतात, ज्याला त्याहून कमी मिळतात तो उपाशी. सुखात्म्यांनी विचारले की, सरासरीहून कमी लागणारी माणसे नसतात काय? साऱ्या जगाला पोटभर जेवू घातले तरी साधारण निम्मे लोक सरासरीखालीच राहणार, कारण सरासरीचा तो धर्मच आहे. १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला प्रबंध मांडला आणि उपासमारीची मोजदाद गरजेच्या सरासरीवरून न करता गरजेच्या कक्षेच्या तळाशी रेघ मारून करावी असे सुचविले. अन्न व शेती संघटना आजही जगातील भुकेल्यांचा आकडा काढते तो याच विचारातून वाढलेल्या पद्धतीने.

येथवर सारे माणसामाणसांतील फरकाविषयी झाले. खरा बिकट विचार यापुढचा आहे.

इंग्लंडमध्ये एल्सी विडोसन नावाच्या बाईंनी माणसे प्रत्यक्षात काय खातात हे घरोघर तोलून मोजले होते. एक हजाराहून अधिक मुलांच्या आहाराचा त्यांचा अहवाल १९४७ साली निघाला. एकाच वयाच्या दोन धडधाकट मुलांत एक दुसऱ्याच्या दुप्पट खातो, असे त्यात आढळले. मग १९५५ साली एडहोम, विडोसन आदि मंडळींनी बारा लष्करी कॅडेटांवरील पाहणी प्रसिद्ध केली. चौदा दिवस प्रत्येकाने काय खाल्ले आणि किती शक्ती खर्च केली, दोन्ही मोजले. घरच्या गृहिणीला जे ठाऊक असते तेच निघाले: ज्या दिवशी कष्ट जास्त त्याच दिवशी जेवण जास्त, असे मुळीच होत नाही. एकेका दिवसाचा मेळ बसेना. पंधरवड्याचा हिशेब घातला की जमाखर्च जुळे. कोणत्याही एका दिवशी त्या तरुणाच्या ताटावर नजर ठेवणाऱ्याला तो आज उपाशी आणि उद्या खादाड वाटला असता.

सुखात्म्यांनी अशा आकड्यांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिले. हा रोजचा चढउतार म्हणजे नुसता गोंधळ की त्याला काही चाल आहे? येथे मला राहवत नाही म्हणून आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. आमचे वडील राजवाड्याच्या सेवेतले गवई. शिष्याचा सूर एखाद्या दिवशी लागला नाही तर ते त्याला काहीच बोलत नसत. ‘आज गळा नाही’ म्हणून सोडून देत. चार दिवस लागला नाही तरी फारसे मनावर घेत नसत. पावसाळा आहे, जागरण झाले असेल. परंतु दोन-तीन आठवडे गळा एकाच जागी, समजा मध्यमापाशीच, अडू लागला की ते रियाजाची पद्धतच बदलून टाकीत. गळ्याचा चढउतार वेगळा आणि गळ्याची उतरण वेगळी, हे त्यांना कानाने कळे. त्यांनी कधी कागदावर काही टिपले नाही. आजच्या परीक्षापद्धतीत परीक्षक विद्यार्थ्याला वर्षातून एकदा वीस मिनिटे ऐकतो; त्याला या दोहोंतला भेद कळण्याचा काही मार्गच नाही.

संख्याशास्त्रात हा भेद करण्याची युक्ती केंब्रिजच्या उड्नी यूल यांनी १९२७ साली काढली. ते सूर्यावरील डागांच्या वार्षिक आकड्यांवर काम करीत होते. समजावण्यासाठी त्यांनी लंबकाची एक कल्पना मांडली. लंबक आपल्या नादात झुलतो आहे आणि त्याच्या हालचालीची नोंद आपोआप होते आहे. इतक्यात काही व्रात्य पोरे खोलीत शिरतात आणि त्याला वाटाणे मारू लागतात, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. आता लंबकाची गती बिघडते. परंतु प्रत्येक वाटाण्याचा धक्का त्या क्षणापुरता नसतो. तो लंबकाच्या पुढल्या झोक्यांत मुरतो. म्हणजे आजची स्थिती ही कालच्या स्थितीचा काही अंश आणि आज बसलेला नवा धक्का, या दोहोंची मिळून बनते. मोजणाऱ्याची चूक असती तर ती आजची आज संपली असती, उद्याच्या आकड्याला तिची आठवण नसती. लंबकाला आठवण असते. नोंदीतील आकडे एकामागून एक तपासले की ही आठवण किती आहे हेही मोजता येते.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शेल्डन मार्गेन नावाचे पोषणशास्त्रज्ञ होते. तेथे काही निरोगी माणसांना आठवडेच्या आठवडे एकच ठरलेला आहार देऊन त्यांच्या शरीरातील नत्राचा जमाखर्च रोजच्या रोज मोजलेला होता. आहार तसूभरही बदलत नव्हता, तरी जमाखर्चाचे आकडे लाटांसारखे वरखाली होत होते. आणि त्या लाटांत यूलच्या लंबकासारखी आठवण असल्याचे सुखात्मे व मार्गेन यांनी १९७८ साली दाखविले. १९८२ साली त्यांनी उष्मांकांच्या बाबतीतही तेच म्हटले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: निरोगी माणसाची गरज हा एक ठरीव आकडाच नाही. शरीर आपला व्यवहार एका कक्षेत स्वतःच सांभाळते. कमी मिळाले तर काटकसरीने वापरते, जास्त मिळाले तर उधळते. त्या कक्षेच्या आत आहार कोठेही असला तरी माणूस ठीक आहे; कक्षेच्या तळाखाली गेला तरच त्याला उपाशी म्हणावे.

कल्पना देखणी आहे यात शंका नाही. पण तिच्या पोटातला हिशेब पाहिला पाहिजे, कारण सारा वाद तेथेच आहे. समजा, एखाद्याची सरासरी गरज २४०० उष्मांक आहे आणि त्याच्यात स्वतःतच दिवसादिवसाला होणारा चढउतार सरासरीच्या १५ टक्के, म्हणजे ३६० उष्मांक आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सरासरीच्या खाली असे दोन टप्पे उतरले की कक्षेचा तळ येतो: १६८०. हा झाला एका दिवसाचा तळ. पण उपासमार एका दिवसाची नसते. महिन्याची सरासरी घेतली तर काय होईल? दिवसांना एकमेकांची आठवण मुळीच नसेल, तर चांगले-वाईट दिवस एकमेकांना भरून काढतात. १५ टक्क्यांचा चढउतार तीस दिवसांच्या सरासरीत पावणेतीन टक्क्यांवर येतो आणि तळ चढून २२७०च्या आसपास जातो. म्हणजे महिनाभर रोज १९०० उष्मांकांवर काढणारा मजूर या हिशेबाने सरळ उपाशी ठरतो, आणि पहिल्या हिशेबाने धडधाकट! आठवण असली तर भरपाई सावकाश होते आणि कक्षा इतकी आक्रसत नाही, हा सुखात्म्यांचा मुद्दा. परंतु किती सावकाश? आजच्या आकड्यात कालच्या चढउताराचा निम्मा अंश उतरतो असे धरून मी हिशेब केला. महिन्याच्या सरासरीचा चढउतार सुमारे ४.६ टक्के येतो आणि तळ २१८०च्या आसपास. आठवणीने तळ थोडा खाली येतो. १६८० पर्यंत मात्र येत नाही. तेथे पोहोचायचे तर शरीर कमी अन्नावर कायमचे जुळवून घेते आणि त्यात त्याचे काही बिघडत नाही, असे आणखी एक विधान जोडावे लागते. ते संख्याशास्त्राचे विधान नाही. ते शरीराविषयीचे विधान आहे आणि चौदा दिवसांच्या किंवा दोन महिन्यांच्या नोंदीतून, तेही पोटभर जेवणाऱ्या तरुणांच्या नोंदीतून, ते सिद्ध होत नाही.

हा निव्वळ पंडितांचा खल राहिला असता तर सोडून देता आला असता. पण त्यापूर्वीच, १९७१ साली, पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी आपला ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा प्रसिद्ध निबंध लिहिला होता. माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्या घरात होत नाही ते घर दरिद्री, असा त्यांनी मापदंड धरला. आणि १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली असल्याचे दाखवून साऱ्या देशाला हादरा दिला. १९७९ साली नियोजन मंडळाच्या कार्यदलाने खेड्यांसाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांक हे प्रमाण धरले. सुखात्म्यांच्या मते ही मोजणीच चुकीची. सरासरी गरजेवर रेघ मारून आपण निरोगी माणसांनाही उपाशांत मोजतो, असे ते म्हणत. त्यांच्या तळाने मोजले तर संख्या पुष्कळच खाली येत होती.

दांडेकरही सातारकडचेच आणि तेही मूळचे संख्याशास्त्रज्ञ. सेवानिवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात येऊन राहिले होते. त्यामुळे १९८१ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त ही खडाजंगी जुंपली तेव्हा दोन्ही तोफा एकाच शहरातून डागल्या जात होत्या. दोघांच्याही लेखणीला धार होती. सुखात्म्यांच्या टीकाकारांचा मुख्य मुद्दा मला तरी आजही बिनतोड वाटतो. राष्ट्रीय नमुना पाहणीतला आकडा हा एका माणसाच्या एका दिवसाचा नसतो. तो अख्ख्या घराचा, महिन्याभराचा, आणि शेवटी एकाच खर्चगटातील असंख्य घरांच्या सरासरीचा असतो. एका माणसातील रोजचा चढउतार त्या सरासरीत केव्हाच विरून गेलेला असतो. मग एका माणसासाठी काढलेला तळ त्या आकड्यांना कसा लावायचा? आणि ज्या गटात घरेच्या घरे सरासरीखाली आहेत, तेथे कमी मिळते ते गरज कमी म्हणून की पैसा कमी म्हणून? श्रीमंत गटात तर असे घडताना दिसत नाही. गंमत अशी की सुखात्म्यांनी आयुष्यभर ज्यांना बजावले की सरासरीचा न्याय एका माणसाला लावू नका, तेच येथे एका माणसाचा न्याय सरासरीला लावून बसले.

तथापि सुखात्म्यांना गरिबांचा कळवळा नव्हता असे कोणी समजू नये. मुलांच्या कुपोषणाचे खरे मूळ ताटातल्या तुटीइतकेच घाणेरड्या पाण्यात आणि वरचेवर होणाऱ्या हगवणीत आहे, पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही, हे ते घसा फोडून सांगत होते, आणि त्या काळी ते ऐकणारे थोडे होते. गरिबांची संख्या फुगवून सांगितली की खऱ्या उपाशांपर्यंत मदत पोहोचत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण विचार एकदा लेखणीतून सुटला की तो कोणाच्या हाती जाईल हे लेखकाच्या हाती राहत नाही. १९८२ साली सुखात्म्यांनीच संपादन केलेल्या एका ग्रंथात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ‘लहान पण निरोगी’ असा सिद्धांत मांडला: भारतातील खुजी मुले बहुतांशी आजारी नव्हेत, त्यांच्या शरीराने परिस्थितीशी जुळवून घेतले आहे इतकेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. गोपालन यांनी त्यावर कडाडून हल्ला चढविला. शरीर जुळवून घेते हे खरे, पण कशाच्या बदल्यात? अर्धपोटी मूल आपली शक्ती वाचविते ती खेळणे सोडून. मजूर वाचवितो तो दर तासाने मेढीला टेकून. जमाखर्च जुळतो, कारण खर्चाच्या बाजूने जगण्यातलेच काही छाटलेले असते. ते छाटलेले उष्मांकांच्या वहीत कोठेही लिहिले जात नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे सुखात्म्यांचे निरीक्षण अचूक होते आणि त्याचा उपयोग उलट्या दिशेने झाला. एका माणसाचा काळाच्या ओघात अभ्यास करावयाचा तो त्याला एका रुंद कक्षेत बसवून ‘ठीक आहे’ म्हणण्यासाठी होऊ लागला. तोच अभ्यास त्याची स्वतःची उतरण लौकर ओळखण्यासाठीही करता येतो. आणि हे काम दुसरीकडे, विद्वानांच्या नियतकालिकांपासून फार दूर, सुरूही झालेले होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातील इमेसी या खेड्यात डेव्हिड मोर्ले नावाचे इंग्रज डॉक्टर लहान मुलांची वजने घेत होते. त्यांनी प्रत्येक मुलासाठी एक पुठ्ठ्याचा तक्ता केला. आडवे महिने, उभे वजन, आणि दर महिन्याला एक ठिपका. तक्ता दवाखान्यात न ठेवता आईच्या हवाली करावयाचा. मूल कोणत्या रेषेच्या वर वा खाली आहे यापेक्षा ठिपके जोडणारी त्याची स्वतःची रेघ कोणीकडे चालली आहे ते पाहावयाचे, हा मोर्ले यांचा कटाक्ष. जन्मतः बारीक असलेले मूल खालच्या पट्टीतही सरळ चढत असेल तर काळजीचे कारण नाही. उलट गुटगुटीत मुलाची रेघ दोन महिने आडवी झाली की ते सर्व रेषांच्या वर असूनही धोका सुरू झालेला असतो. सरासरीला हा धोका दिसत नाही, कारण ते मूल अजून सरासरीच्या वर आहे. सुखात्म्यांच्या तळालाही तो दिसत नाही, कारण ते तळापासून तर फारच दूर आहे.

आपल्याकडे अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि हा वाढीचा तक्ता तिच्याबरोबर गावोगाव गेला. पण पुष्कळ ठिकाणी त्यावरून मुलांची फक्त प्रतवारी होई: हे मूल या श्रेणीत, ते त्या श्रेणीत. तमिळनाडूत १९८० साली निघालेल्या पोषण प्रकल्पात मात्र वेगळा नियम धरला होता. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे दर महिन्याला वजन घ्यावयाचे, आणि ज्याचे वजन अपेक्षेइतके वाढलेले नाही त्याला, मग ते कोणत्याही श्रेणीत असो, नव्वद दिवस जादा आहार द्यावयाचा. वजन पुरेसे वाढले की आहार बंद. पुन्हा रेघ अडखळली की पुन्हा सुरू. एकाच मुलाला कालच्या स्वतःशी ताडून पाहण्याचा हा नियम चौथी शिकलेली बाई स्प्रिंगच्या काट्यावर चालवू शकते. त्यासाठी यूलचे समीकरण ठाऊक असावे लागत नाही, तरी करावयाचे ते त्या समीकरणातलेच काम आहे. एका महिन्याची घसरण ताप-खोकल्याची असेल, लंबकाला बसलेला वाटाणा असेल. दुसऱ्या महिन्यातही रेघ सावरली नाही तर मग तो वाटाणा नव्हे.

सुखात्मे १९९७ साली वारले, दांडेकर त्याआधी दोन वर्षे. दारिद्र्यरेषेची उष्मांकांशी बांधलेली गाठ सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ साली सोडली, त्यामुळे तो जुना वाद आता अर्थशास्त्राच्या ग्रंथालयात धूळ खात पडला आहे. मुले मात्र अजून मोजली जातात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील १०० मुलांमागे ३५.५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. वर्तमानपत्रांतून दर वेळी हाच आकडा गाजतो, आणि तो गाजावा. पण ही पाहणी प्रत्येक मुलाला एकदाच भेटते, आमच्या परीक्षकासारखी. त्या मुलांपैकी किती जणांची रेघ सावरून वर चालली होती आणि किती जणांची नुकतीच आडवी झाली होती, हे तिच्या कागदात नसते. ते असलेच तर घरी आईने शिधापत्रिकेबरोबर डब्यात जपून ठेवलेल्या तक्त्यावर असते. तोही दर महिन्याला कोणी भरला असेल तर.